एकट्यालाच दिसणारा लॅपटॉप

मी लॅपटॉप घेतला तेव्हा धुळ्याच्या देवपूर भागात तो शब्द माहीत असणारी माणसं थोडीच होती, आणि त्यांतल्या एकानंही मला वेळेवर अडवलं नाही. नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी तिथल्या एका कॉलेजात गणित शिकवत होते, खोली भाड्याची होती, लग्न झालेलं नव्हतं. स्टाफरूममधले बाकीचे लोक प्लॉट घेत होते. कॉलेजात एक कॉम्प्युटर होता, पण तो एसीच्या खोलीत कुलपात असे आणि त्याच्यापर्यंत जायचं तर चपला बाहेर काढाव्या लागत. प्रश्नपत्रिका काढायला रोज देवळात गेल्यासारखं जायची माझी तयारी नव्हती. म्हणून स्वतःचाच घ्यायचा ठरवला, आणि तोही उचलून नेता येईल असा.

जळगावच्या एका दुकानदारानं तो मुंबईहून मागवून दिला. दुकानात त्यानं मला फिरत्या खुर्चीत बसवलं, खुर्ची टेबलाशी नीट सरळ केली आणि मगच झाकण उघडलं. रंग असे झकास दिसले की मी पुढं काही विचारलंच नाही. खुर्ची एवढ्या काळजीनं का सरळ केली, ते खोलीवर आल्यावर कळलं. पडदा अगदी नाकासमोर बसलं तरच दिसत होता. जरा बाजूला सरकलं की चित्र फिकं, आणखी सरकलं की सगळं काळं. शेजारच्या काकूंना हौसेनं दाखवायला बोलावलं, तर त्या कॉटवर टेकून म्हणाल्या, "बंद आहे वाटतं." बॅटरी दोन तास चालेल असं सांगितलं होतं. प्रत्यक्षात चहा करून, पिऊन, कप विसळून येईपर्यंत ती टिकायची. त्यात मराठी उमटत नव्हतं. मांडीवर घेतला तर मांडी भाजायची, आणि धुळ्याच्या उन्हाळ्यात मांडी भाजून घ्यायला यंत्र विकत घ्यावं लागत नाही. मी दुकानदाराला फोन करून चांगलं खडसावलं. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, ही वस्तूच पर्सनल असते. एकट्यानंच बघायची." इतकं निर्लज्ज उत्तर ऐकून मला क्षणभर त्याचं कौतुकच वाटलं. परत घ्यायला मात्र तो तयार नव्हता.

मी तो कपाटात टाकून गप्प बसले असते. पण घेतल्याच्या आनंदात मी आधीच गावी, असोद्याला, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन करून बसले होते. "पिशवीत मावते?" एवढंच त्यांनी विचारलं. मावतो म्हटल्यावर ते गावभर सांगत सुटले.

आबांचे थोरले भाऊ म्हणजे आमचे नाना. दोघांची केळीची बाग एक, विहीर एक, बैलजोडी एक. फक्त माझ्याबाबतीत मतं दोन. बारावीनंतर माझं लग्न उरकून टाकावं असं नानांचं म्हणणं होतं. आबांनी ऐकलं नाही. थोरल्या भावाचा शब्द त्यांनी आयुष्यात तेवढ्या एकाच वेळी मोडला. पुढं मी एम.एस्सी. झाले, नोकरीला लागले, तरी दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नाना चारचौघांत विचारणार, "मंग, काय मियालं शिकून?" आणि आबा पान लावत बसणार. पगार हे त्याला उत्तर नव्हतं, कारण पगार कोणी डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आता दाखवता येईल अशी वस्तू घरात येणार होती. आबांची सगळी मदार लॅपटॉपच्या काळ्या पिशवीवर होती, आणि त्या पिशवीत काय आहे ते मला चांगलं माहीत होतं.

आखाजीला आमच्याकडे मुली माहेरी येतात. लिंबाला झोके बांधले जातात, घरोघर मांडे आणि आमरस असतो, आणि पुरुष दिवसभर पत्ते कुटतात. मी आदल्या दिवशी एसटीतून, पोराला धरावं तसा लॅपटॉप धरून, असोद्याला उतरले. नाना ओट्यावरच बसले होते. पिशवीकडे बघून म्हणाले, "लोकायच्या पोरी आखाजीले जावई घिऊन येता. आपली पोरगी डबा घिऊन आली."

मला राग आला. जास्त राग याचा आला की डबा हा शब्द चुकीचा नव्हता.

संध्याकाळी वीज होती. मी आबांना समोर बसवलं आणि लॅपटॉपमधला पत्त्यांचा खेळ दाखवला. हा खेळ एकट्यानंच खेळायचा असतो: काळ्यावर लाल, लालवर काळा असे उतरते पत्ते लावत जायचं आणि एक्क्यांपासून राजांपर्यंत सगळे वर गेले की जिंकलो. बोटाखालची गोटी फिरवली की पडद्यावर बाण फिरे. आबा जन्माचे पत्तेवाले. त्यांना तो घटकाभरात आला. "बाजूनं दिसत नाही आबा, आणि वीज नसली तर फार वेळ चालत नाही," मी सांगून ठेवलं. ते म्हणाले, "उद्या वीज राहीन."

दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर माणसं जमली आणि वीज गेली.

बाहेर उन्हात पडदा दिसेना, म्हणून मधल्या खोलीत टेबल मांडलं. आबा खुर्चीत, मी त्यांच्या डाव्या खांद्याशी, आणि बाकी मंडळी भिंतींच्या कडेनं, दारात, पिंपाला टेकून. म्हणजे पडदा जिथून दिसत नाही अशा सगळ्या जागा भरल्या होत्या. मी झाकण उघडलं. आबांना पत्ते दिसले. इतरांना आबा दिसले.

"आम्हाले तं काहीच दिसू नही राह्यलं," पिंपाकडून कोणीतरी म्हणालं.

"एकेक जण पुढं या," मी म्हटलं.

"हे काय दर्शन हाये का?" नाना म्हणाले. लोक हसले.

आबांनी मान वर केली नाही. "गप बसा. मी सांगतो," ते म्हणाले आणि पत्ते पुकारू लागले. "बदामची नव्वी. ही लागली इस्पिकच्या दश्शीवर. हा आला किलवरचा एक्का, हा गेला वर." ऐकणारे सगळे पत्त्यात मुरलेले होते. न दिसणारा डाव त्यांनी कानांनी धरला. कोणी सल्ले द्यायला लागलं, कोणी हळहळायला लागलं. नानांना ते बघवेना.

"एकट्यानं कधी पत्ते खेयता का? समोर मानूसच नही, तं हरवतो कोनाले?" असं म्हणत ते उठले आणि थेट आबांच्या मागं येऊन उभे राहिले. "पाहू दे मले." ते वाकले, जवळजवळ आबांच्या खांद्यावर हनुवटी टेकवून. आता पडदा त्यांनाही दिसत होता.

तेवढ्यात यंत्र टुकटुक वाजलं. बॅटरी संपत आल्याची ती खूण होती.

"पत्ता लागला का वाजते," आबांनी लोकांना सांगितलं.

मग पडदा गेला. समोरूनही गेला. त्या काळ्या काचेत दोघा भावांचे चेहरे एकावर एक दिसत होते, दुसरं काही नाही.

आबांनी एकदा माझ्याकडं पाहिलं. त्यांनी पुन्हा गोटीवर बोट ठेवलं, ती फिरवली आणि म्हणाले, "चौकटची सत्ती निंघाली."

नानांनी फक्त 'बंद पडलं' म्हणायचं होतं. इतक्या वर्षांचा निकाल तिथल्या तिथं लागला असता, साक्षीला अर्धं गाव होतं. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. ते वाकलेलेच होते. काचेतून त्यांची नजर हलली नाही.

"सत्ती निंघाली तं लाव ना," नाना खेकसले. "इस्पिकची अठ्ठी मोकयी बसेल हाये तथी."

आबा किंचित दचकले. "दिसू राह्यली मले."

"दिसती तं लाव! कायची वाट पाहू राह्यला?"

आणि मग त्या दोघांनी तो डाव खेळला. आबा पत्ता काढत, नाना त्याची जागा दाखवत. किलवरच्या राणीवरून दोघांची चांगलीच जुंपली, कारण आबांनी ती भलत्याच राजावर लावली असं नानांचं ठाम मत होतं. भिंतीकडच्या मंडळींत दोन तट पडले. मी विझलेल्या यंत्राशेजारी उभी होते आणि मला घामाचंही भान नव्हतं. शेवटी आबांनी चारही राजे एकामागून एक वर पाठवले. नानांनी कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "लागले. सगये लागले."

त्याच वेळी पंखा गरगरला. वीज आली होती. "आता आम्हाले पाहू द्या," म्हणत दोघं-तिघं पुढं सरसावले. मी वायर उचलली, पण ती लावायला धजले नाही. नानांनी तळहातानं लॅपटॉपचं झाकण दाबून मिटवलं.

"राहू दे. डाव झाला," ते म्हणाले. "उन्हाचे लोक आले हाये, त्याइले रस दे."

मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. आबा खुर्चीतून उठले नव्हते. गोटीवरचं बोट त्यांनी तसंच ठेवलं होतं आणि ते नानांकडं बघत होते. दोघं भाऊ लहानपणापासून पत्ते खेळत आले होते. नानांनी आबांना जिंकू दिलेला तो पहिलाच डाव होता.