दाबून बसवलं का?

रॉकेटची नळी तोंडाला लावून फुंकणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला तो आमच्या कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये. शेपटाकडून एक फुंकर, की पुढच्या तोंडातून पॅराशूट बाहेर. नाही आलं, तर हे रंगारीमामा घडी उलगडून पुन्हा घालायला लावत. हुद्दा मदतनिसाचा, शिक्षण आयटीआय. पण त्यांनी मान हलवल्याशिवाय आमच्या क्लबचं एकही रॉकेट उडत नसे. "वर तं दारूच नेते त्याले," ते म्हणत, "खाली आणाले तुमची अक्कल लागते."

उडवण्याआधी ते प्रत्येकाला एकच विचारत : "काई दाबून बसवलं का?"

मागच्या वर्षी मामा गेले. पिपरी मेघेला त्यांच्या घरी दारात चपला काढताना मला अल्लीपूरचा दिवस आठवला.

अल्लीपूर माझं गाव. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. त्याचा तोरा होता, आजही आहे. रॉकेट उडवायला कापूस निघून मोकळं झालेलं वावर मीच मिळवलं होतं. अर्धं गाव शेताच्या धुऱ्यावर जमलं होतं. गवंडीकाम सोडून आलेले बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या पुढे.

उड्डाणाची परवानगी दुपारी बारापर्यंतची होती. ऐनवेळी आम्ही ठरवलं, दारू भरलेली लहान मोटार नको, लांब घालू. जास्त उंच जाईल. मामा तेव्हा रॉकेट ज्यावरून सुटतं ती लांब रेल रोवत होते. पॅराशूट फुंकून पाहिलं होतं, पण रिकाम्या नळीत. लांब मोटार शेवटची चार बोटं आत जाईना. ती पुढच्या पॅराशूटला अडते आहे हे मला कळत होतं. तरी मी तळहाताने रेटली आणि मागची रिंग आवळली.

मामांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

क्लबच्या सरांनी रॉकेट पेटवायच्या बटणाच्या डब्यात किल्ली घातली. शेजारच्या काकू ओरडल्या, "अवो, उडते का निस्ता उभाच रायते?" लोक हसले. बाबाही हसले, आणि नीट दिसावं म्हणून चुन्याची रेघ ओलांडून पुढे आले. पॅराशूट अडकलं तर ती दीड पुरुष उंच नळी भाल्यासारखी याच वावरात उतरणार होती.

"सर, थांबा. मोटार मी दाबून बसवली."

सरांनी किल्ली काढून खिशात टाकली. मामांनी आधी वायरी सोडवल्या, नळी आडवी करून गुडघ्यांत धरली आणि पुढचं टोक ओढलं. निघेना. तिसऱ्या हिसक्याला निघालं. पॅराशूट पिळलेल्या पोतेऱ्यासारखं घट्ट झालं होतं. घडी नव्याने घालेपर्यंत बारा वाजून गेले. लोक पांगले. काकू बाबांना म्हणाल्या की पोरीचं विमान पंक्चर झालं.

परतताना टेम्पोत मी रेलच्या पाइपांवर बसले होते.

"काऊन रडून राह्यली?" मामांनी विचारलं.

"गावासमोर गेली ना इज्जत. आणि तुमच्याशी खोटं बोलले."

"हो, बोल्ली." मामा म्हणाले. "पण जेवढे लोक आलते, तेवढे घरी गेले. उद्या लवकर येजो. त्या मोटारीसाठी नवी, लांब नळी कापू."