कालच गेलेला दगड

आभाळातून काहीही पडायचं झालं तर ते लातुरातच पडणार आणि तेही आपल्याच माळवदावर, याबद्दल आमच्या आतोबांइतकी पक्की खात्री असलेला माणूस त्रिभुवनात नसेल. अपवाद फक्त पावसाचा. तो त्या साली कुठेच पडला नव्हता. तुरीचा दाणा दाताखाली धरून ओल सांगणारे आतोबा, धान्याचे आडते, विमानाचा आवाज आला की दुकानाच्या छपराखाली शिरायचे आणि ते गेल्यावर "सुटलो!" म्हणून चहा मागवायचे. उस्मानाबादेतून फुटून लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा गावाने पेढे वाटले, आतोबा मात्र काळजीत. म्हणाले, "आता वरून काय आलं तर उस्मानाबादच्या नावावर खपायचं न्हाई. आपल्यालाच घ्यावं लागंल."

अशात पेपरात बातमी आली. एक भलामोठा दगड उद्या सकाळी अकराच्या सुमारास पृथ्वीजवळून जाणार, धोका नाही. 'धोका नाही' एवढंच आतोबांनी वाचलं नाही. आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्या लेकीची, माझ्या आतेबहिणीची, सुपारी फुटायची होती. उदगीरची, मुलाकडची माणसं सकाळी नऊलाच हजर. पाणी टँकरचं, म्हणून चहाही अर्धा अर्धा कप. साडेदहा वाजले, विधीला आलेले स्वामी खोळंबले, तरी आतोबा सुपारीला हात लावू देईनात.

"साडेअकरापस्तोर थांबा. दगड जाऊ द्या."

व्याही भडकले. "दगडाचं निमित्त कशाला? पोरगी द्यायची नसली तर तोंडानं सांगा!" म्हणत पायताण शोधू लागले. आतेबहीण दाराआड रडवेली उभी. मुलगा तिच्या मनात भरला होता, हे साऱ्या घराला ठाऊक होतं. मी आतोबांना बाजूला ओढलं, तर हलक्या आवाजात म्हणाले, "सुपारी फुटली की लेक त्यांची. पडायचाच असंल तर ती माझी हाय तवर पडू दे."

तेवढ्यात आत्या तोच पेपर घेऊन बाहेर आली. "अवं, ह्याच्यावरची तारीख बघितली का?" आमच्याकडे पेपर एसटीने यायचा, एक दिवस उशिरा. तुरीचा भाव आतोबा रोज 'शिळा' म्हणून सोडून देत. दगड मात्र त्यांनी ताजा धरला होता. "तुमचा दगड कालच गेला की!"

काल अकराला आतोबा टँकरच्या रांगेत होते, लेकीची घागर स्वतःच्या खांद्यावर घेऊन, अख्ख्या गल्लीला हसवत.

आतोबांनी पेपर ओढून घेऊन तारीख वाचली. "गेला? अन् मला कळलंबी न्हाई?"

व्याह्यांचा राग हसण्यात गेला. "आमच्याकडं पेपर दोन दिसांनी येतोय. आमाला भ्यायला सवडच न्हाई!"

सुपारी फुटली. सुटकेच्या भरात आतोबांनी उद्याचं पाणीही चुलीवर चढवायला लावलं आणि सगळ्यांना पूर्ण कप चहा पाजला.

आता आतोबा नाहीत. असल्या दगडांच्या बातम्या फोनवर आठ आठ दिवस आधी येतात, आणि बातमी आली की उदगीरहून आतेबहिणीचा फोन ठरलेला. "दादा, त्यो दगड गेला का?"

तो परवा जायचा असतो. मी सांगतो, "कालच गेला."

ती म्हणते, "चला, मग आज पूर्ण कप."