कॅसेटची दुसरी बाजू

...भाकरीचं पीठ मळायला घेतलं की मी आधी टेप लावायचे. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, त्यामुळे मला विहारात जाता येत नसे. म्हणून यांनी विहारातल्या बायकांच्या आवाजातली बुद्धवंदना आपल्याच एका कॅसेटच्या एका बाजूवर भरून आणली होती.

ती कॅसेट यांनी जिवापाड जपलेली. हे माथेरानला हॉटेलात कामाला होते, तिथे एका पाहुण्याने जाताना दिलेली. इंग्रजी हार्ड रॉक... कुणाला हात लावू देत नसत.

टेप आपोआप बाजू बदलायचा. शेवटचं 'साधु साधु' संपतं न संपतं तोच गिटार कडाडायची आणि मागून ड्रम.

सासूबाई आतून ओरडायच्या, "बंद कर गं ते, कान फुटले माजे."

हे सुट्टीवर आलेले असले तर म्हणायचे, "आये, मगाशी तुमचं झालं. आता माजं हाय."

मला त्या गाण्यांतलं अक्षर कळत नसे. पण पहिल्या तीन गाण्यांत भाकऱ्या आणि चौथ्यात भांडी, असा हात बसून गेला होता.

कॅसेटच्या कडेला एका भोकात कागदाचा बोळा कोंबलेला होता. मला वाटायचं, तिथे तुटली असेल.

परवा यांना जाऊन वर्ष झालं. पळसदरीच्या घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, माणसं जेवून गेली. टेप कधीच बंद पडलाय, म्हणून लेक स्नेहलने यांच्या कॅसेटमधला तो इंग्रजी अल्बम मोबाईलवर लावला.

चार गाणी ओळखीची निघाली, क्रमही तोच. संपलं म्हणून मी उठायला लागले... तर पाचवं सुरू झालं.

"हे भलतंच काय लावलंस गं?"

"भलतं नाय, आई. आठ गाणी आहेत यात. चार या बाजूला, चार त्या बाजूला."

मी म्हटलं, "त्या बाजूला वंदना आहे. कोरीच होती ती."

स्नेहलने कपाटातून कॅसेट काढून आणली आणि तो बोळा पाहिला. "विकतच्या कॅसेटची कोरी बाजू नसते गं. चुकून पुसली जाऊ नये म्हणून हे भोक असतं. ते बुजवलं तरच वर दुसरं भरता येतं... बाबांनी चार गाणी पुसली, आई."

मी एवढी वर्षं समजत होते, उरलेल्या जागेत माझी वंदना बसवली. यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

पाचवं गाणं संथ होतं. नुसती गिटार, आणि जवळ बसून बोलावं तसा गाणारा माणूस... यांना हेच जास्त आवडत असेल का, ते आता विचारायचं कुणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वंदना म्हटली, पाचव्यापासून पुढची गाणी लावली आणि भाकऱ्या केल्या.