विकतची काडतुसं

रायफल क्लबात गोळ्या मोजून सुटतात, किस्से मात्र बेहिशोबी! शनिवारी सकाळी चार माणसं बाकावर बसली, कुणी थर्मासमधून कॉफी ओतली, की मागच्या शनिवारचा किस्सा थोडा लांब होऊन परत येतो. आमच्या लंडनच्या क्लबात मी पाच वर्षं काढली. हे लंडन ओंटारिओतलं. इथेही थेम्स नावाची नदी आहे, राणी तेवढी नाही. या पाच वर्षांत माझा नेम किती सुधारला ते सांगता येत नाही, पण किस्से इतके साठले की कल्याणी, म्हणजे माझी बायको, म्हणते, "अरे, एकदाचं लिहून काढ. निदान पाहुण्यांची तरी सुटका होईल!"

आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. लांबवरून शिकार करणाऱ्यांत दोन पंथ असतात. पहिला पंथ काडतुसं घरी भरतो. पितळेची रिकामी नळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी कॅप, आत काट्यावर तोललेली दारू आणि वर गोळी. याला हँडलोड म्हणतात. दुसरा पंथ दुकानातून फॅक्टरीचा तयार डबा उचलतो. पहिला पंथ दुसऱ्याकडे ज्या नजरेने बघतो, त्या नजरेने माझी मावशी विकतच्या पुरणपोळ्या वाढणाऱ्या घरांकडे बघायची.

मी दुसऱ्या पंथातला. आणि अख्ख्या क्लबात एकटा!

* * *

मला क्लबात नेलं डगने. डग माझ्याच ऑफिसात, शेजारच्या डेस्कवर. मी अमरावतीला कॉलेजात असताना एनसीसीत रायफल चालवली होती, हे एकदा लंचला बोलून गेलो आणि पुढच्या शनिवारी त्याच्या पिकअपमध्ये बसलो. मग कोर्स, परीक्षा, लायसन्स असं सगळं रीतसर झालं आणि मी पहिल्यांदा स्वतःची रायफल घेऊन रेंजवर उतरलो.

शेजारच्या बाकावर वॉल्टर बसला होता. वय बहात्तर, आयुष्यभर कारखान्यांसाठी साचे बनवलेला माणूस. त्याने लाकडी पेटी उघडली. आत पन्नास काडतुसं देवघरातल्या भांड्यांसारखी लखलखत होती. मी माझा पुठ्ठ्याचा डबा काढला. वॉल्टरने तो दोन बोटांत उचलला, उलटा करून पाहिला आणि अगदी सभ्यपणे विचारलं, "तू लग्नाला जातानाही भाड्याचाच सूट घालतोस का?"

मी म्हणालो, "माझ्या स्वतःच्या लग्नात घातला होता. सूट परत केला, बायको अजून आहे!"

डगच्या नाकातून कॉफी आली. वॉल्टर हसला नाही, पण त्याने सरकून मला जागा दिली. त्या दिवसापासून क्लबात माझं नाव पडलं, 'बॉक्स'.

* * *

वॉल्टरला वाटायचं, हा पोरगा बरा आहे, याला सुधारता येईल. जानेवारीतल्या एका रविवारी त्याने मला काडतुसं भरायला शिकवण्यासाठी घरी बोलावलं. बाहेर उणे अठरा. बेसमेंटमध्ये त्याचं टेबल, त्यावर काटा, आणि त्या काट्याचे नियम. बोलायचं नाही. खोकायचं नाही. फोन वरच्या मजल्यावर ठेवायचा.

मी खुर्चीवर बसतो न बसतो तोच वॉल्टरने भिंतीवरचं बटण बंद केलं आणि घर गरम ठेवणारी फर्नेस थांबली.

"हे काय?" मी कुजबुजलो.

"ब्लोअरची हवा लागते. काटा थरथरतो."

तासाभरात माझी बोटं बधिर झाली. दोन तासांत आम्ही अकरा काडतुसं भरली. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. वॉल्टरची बायको आयरीन घरातल्या घरात जाड पार्का कोट, टोपी आणि हातमोजे घालून उभी होती. ती मला म्हणाली, "डिअर, चाळीस वर्षं त्या हरणांपेक्षा जास्त मीच गारठलेय!"

मी घरी आलो, हळद-दूध प्यायलो आणि कल्याणीला सांगितलं, आपण फॅक्टरीचेच!

* * *

पण फॅक्टरीचं घ्यायचं म्हणजे डोळे मिटून घ्यायचं, असं नाही. त्या उन्हाळ्यात मी पाच प्रकारचे डबे आणले. एकेक प्रकार चारशे यार्डांवर मारून पाहिला, गोळीचा वेग यंत्रावर मोजला, वहीत लिहिला. चार प्रकार माझ्या रायफलला आवडले नाहीत. पाचवा मात्र असा आवडला की तीन गोळ्या एका वाटीत मावतील इतक्या जवळ! मी दुकानात परत गेलो आणि त्याच लॉट नंबरचे होते नव्हते तेवढे डबे उचलले.

या खुशीत मी आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत शेजारच्याला क्लबातल्या लोकांबद्दल सांगत होतो. पंगत चालली होती, त्यामुळे जरा मोठ्यानेच बोलावं लागत होतं. "ते सगळे घरी दारू भरतात! वॉल्टर तर थेंब थेंब, आपलं, कण कण मोजून! मला नाही जमत बुवा. मी सरळ फॅक्टरीची आणतो. पाच प्रकार ट्राय केले, एक जमली. आता घरात स्टॉकच करून ठेवलाय!"

मोदक वाढणाऱ्या काकू जागच्या जागी थांबल्या.

पुढच्या आठवड्यात कल्याणीला तीन फोन आले. तिघींनीही आधी हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि मग आवाज उतरवून विचारलं, "मिलिंदला कुणाशी बोलायचं असेल, तर आमच्या ओळखीचे एक चांगले काउन्सेलर आहेत!"

कल्याणीने एकीचाही गैरसमज दूर केला नाही. वर मला म्हणाली, "असू दे. निदान पॉटलकच्या जेवणाला तुला कुणी सोडा आणायला सांगणार नाही."

* * *

सप्टेंबरअखेर क्लबाची वार्षिक स्पर्धा. चारशे यार्ड, पाच गोळ्या, ज्याच्या पाच भोकांचा घेर सगळ्यात लहान तो जिंकला. नऊ वर्षं ही स्पर्धा वॉल्टर जिंकत आला होता.

मी मारलं. वॉल्टरने मारलं. कागद आणून टेबलावर ठेवले. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत होते. वॉल्टरने खिशातून बारीक मापं घ्यायचा कॅलिपर काढला आणि आधी स्वतःचा कागद मोजला, मग माझा. पुन्हा स्वतःचा, पुन्हा माझा. मग कॅलिपर रुमालाने पुसून पुन्हा माझा मोजला. मग तो पार्किंगमध्ये गेला आणि ट्रकमधून दुसरा कॅलिपर घेऊन आला.

दहा-बारा माणसं टेबलाभोवती उभी. शेवटी वॉल्टरने चश्मा काढला.

"बॉक्स," तो म्हणाला, "माझे दोन्ही कॅलिपर बिघडलेत." आणि ट्रॉफी उचलून माझ्या हातात दिली.

* * *

आता मूसचा, म्हणजे इथल्या अजस्र हरणाचा, किस्सा.

आम्ही तिघं, वॉल्टर, डग आणि मी, दर ऑक्टोबरात उत्तरेला जायचो. तिघांत मिळून नर मूसचा एकच परवाना. लागोपाठ दोन वर्षं हात हलवत परत आलो होतो. आणि त्या वर्षी वॉल्टरच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला होता. डॉक्टरने त्याला स्पष्ट सांगितलं होतं, जंगलात चालायचं हे शेवटचं वर्ष. हे त्याने आम्हाला सांगितलं नव्हतं. आयरीनने सांगितलं होतं.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही एका टेकाडावर पालथे पडलो होतो. समोर झाडं तोडून मोकळं झालेलं मोठं रान, पलीकडे स्प्रूसच्या झाडांची काळी रांग. वॉल्टर दुर्बिणीवर, मधे डग, कडेला मी. नेम कुणी धरायचा हे ठरलेलं होतं: पहिला मान वॉल्टरचा. पण आदल्या दिवशी त्याचा खांदा एका खडकावर आपटला होता. त्याला रायफल धरवत नव्हती, म्हणून पाळी डगची होती.

साडेआठच्या सुमारास मूस बाहेर आला. केवढा होता! घोड्याला कुणी झाडाच्या फांद्या बांधाव्यात तसा. डगने रायफलच्या बोल्टची कडी सारून काडतूस आत घातलं. मूस दोन पावलं चालला आणि झाडांआड गेला.

पाच मिनिटं गेली, दहा गेली. डग म्हणाला, "मी डावीकडे सरकतो." भरलेली रायफल घेऊन सरकायचं नाही, हा नियम. म्हणून त्याने बोल्ट मागे ओढला.

बाहेर आली नुसती नळी! डगने घरी भरताना नेम अचूक यावा म्हणून गोळी जरा जास्तच पुढे बसवली होती. ती बॅरलच्या मागच्या तोंडाशी रुतून तिथेच राहिली आणि नळीतली सगळी दारू राईच्या दाण्यांसारखी रायफलभर सांडली. डग जे बोलला त्यातला पहिला शब्द 'होली' होता. पुढचे लिहिण्यासारखे नाहीत.

आणि त्याच क्षणी मूस परत बाहेर आला.

"बॉक्स," वॉल्टर कुजबुजला. "तू."

मी काडतूस आत सारलं. वॉल्टरने अंतर सांगितलं, तीनशे साठ यार्ड. "वारा डावीकडून, हलका. घाई नको. तुझी गोळी कुठे जाते हे तुला माहिताय." मी रायफलवर चिकटवलेला माझ्या वहीतला तक्ता पाहिला, रायफलवरच्या दुर्बिणीची चकती फिरवली, श्वास सोडला.

आवाज रानभर घुमला. मूस हललासुद्धा नाही.

"चुकलो," मी म्हणालो.

"थांब," वॉल्टर म्हणाला.

मूसने चार पावलं टाकली. मग एखादा म्हातारा दमून खाली बसावा तसा हळूच खाली बसला आणि कलंडला.

डगने मला मिठी मारली. मी रडलो की नाही यावर आजही क्लबात वाद आहे. वॉल्टर मात्र गुडघ्यांवर हात टेकून, कण्हत कण्हत वाकला होता आणि गवतात काहीतरी शोधत होता. माझ्या काडतुसाची रिकामी नळी! ती त्याने फुंकर मारून साफ केली आणि खिशात टाकली.

"चांगलं पितळ आहे," तो म्हणाला. "पुन्हा भरता येईल."

* * *

पुढच्या उन्हाळ्यात आई आली.

आई म्हणजे ओंटारिओत आल्यावरही सकाळी सहाला उठून, पातळ नेसून, वेणी घालून तयार. तिची एकतीस वर्षं सरकारी दारूगोळा कारखान्यात गेली, तपासणी विभागात. तिथे बाया लांब टेबलांवर बसायच्या आणि पुढ्यातून काडतुसं जायची. घरी ती त्याबद्दल फारसं बोलायची नाही, त्यामुळे मीही क्लबात कधी काही सांगितलं नव्हतं.

आयरीनने आम्हाला चहाला बोलावलं. चहा झाल्यावर वॉल्टर मोठ्या अभिमानाने आईला बेसमेंट दाखवायला घेऊन गेला आणि पन्नास काडतुसांची ती लाकडी पेटी तिच्यापुढे उघडली. त्याला वाटलं, म्हातारी "नाइस, नाइस" म्हणेल.

आईने चश्मा लावला. पदर खोचला. एक काडतूस उचललं, टेबलावर तळहाताने लोळवलं, बाजूला ठेवलं. दुसरं. तिसरं. हात असा चालू लागला की बघत राहावं! माझ्या लहानपणी ती तांदूळ निवडायची तेव्हाही तिचा हात असाच चालायचा, आणि मला ते कळायला चाळीस वर्षं लागली.

वॉल्टर माझ्याकडे बघत होता. मी खांदे उडवले.

पंधरा मिनिटांत पेटी संपली. सत्तेचाळीस एका बाजूला, तीन दुसऱ्या.

"ही तीन काढायला सांग," आई म्हणाली.

"का?" मी सांगितल्यावर वॉल्टरने विचारलं.

"याच्या मानेला केसाएवढी चीर गेलीय. याची कॅप वर आलीय, बोट फिरव म्हणावं. आणि हे लोळवलं की टोक लचकतं. हे सरळ जाणार नाही."

मी भाषांतर केलं. वॉल्टरने दिवा ओढला आणि भिंग काढलं. पहिलं पाहिलं. दुसऱ्याच्या बुडावरून बोट फिरवलं. तिसरं टेबलावर लोळवलं. मग तो खुर्चीत बसला. शेवटी त्याने विचारलं, "हे कुठे शिकलात?"

आता मात्र मी सगळं सांगितलं. एकतीस वर्षं, लांब टेबल, सगळं. वॉल्टरने उठून आईशी हात मिळवला, दोन्ही हातांनी. मग विचारलं, "एवढ्या वर्षांत किती नापास केली असतील?"

आई म्हणाली, "नापास केलेल्यांचं मला कधी काही वाटलं नाही. झोप उडायची ती पास केलेल्यांपायी."

हे वाक्य इंग्रजीत सांगायला मला दोनदा सुरुवात करावी लागली. वॉल्टरने मान डोलावली. मग तो फळीकडे गेला आणि एक पेटी काढून आईसमोर ठेवली. मग आणखी एक. मग आणखी तीन. वरून आयरीनने आम्ही नेलेले सामोसे पाठवले. आई बघत होती, लोळवत होती, बाजूला काढत होती. वॉल्टर तिच्या शेजारी स्टुलावर बसून एकेक काडतूस पुढे सरकवत होता.

सहावी पेटी संपली तशी वॉल्टरने सातवी काढली. आईने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजले होते. तिने चश्मा काढला, घडी करून केसमध्ये ठेवला आणि खोचलेला पदर सोडला.

"शिफ्ट संपली म्हणावं त्याला."

मी सांगितलं. वॉल्टरने सातवी पेटी निमूटपणे जागेवर ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दाराची बेल वाजली. दारात वॉल्टर. दाढी घोटलेली, इस्त्रीचा शर्ट, दोन्ही हातांत पेट्या. माझ्या खांद्यावरून आत स्वयंपाकघराकडे बघत त्याने हळू आवाजात विचारलं,

"शिफ्ट किती वाजता सुरू होते?"