उंची सांगणारी तबकडी

श्रीगोंद्याजवळच्या एका खासगी धावपट्टीवर मी पहारेकरी आहे. मालकांचं जुनं छोटं विमान दुरुस्त करायला एक म्हातारा मेकॅनिक यायचा. नाव मी कधी विचारलं नाही. चपला बाहेर काढूनच तो कॉकपिटमध्ये शिरायचा. कुठलीही तबकडी वाचण्याआधी काचेवर बोटाने दोनदा टकटक करायचा, म्हणजे अडकलेला काटा सुटतो.

गेल्या वर्षी त्या सगळ्या तबकड्या काढून त्याने एकच नवा स्क्रीन बसवला. स्क्रीन उजळला आणि त्याने सवयीने त्यावरही टकटक केली. मग स्वतःशीच ओशाळला.

उंची दाखवणारी जुनी तबकडी मालकांनी त्यालाच देऊन टाकली.

"हिचं काय करणार?" मी विचारलं.

"घरी खिडकीत ठिवनार. हवेचा दाब उतरला की हिचा काटा चढतो, भाऊ. आभाळ भरून आलं की घर शंभर फूट वर गेलेलं दावील."

"तुम्ही किती वेळा उडालात?"

त्याने तबकडी रुमालात गुंडाळली. "न्हाई कधी. दुरुस्तीनंतर तपासनीला बी पायलट एकलाच वर जातो."

नंतर तो आला नाही. स्क्रीन अजून बिघडलेला नाही.

आभाळ भरून आलं की मात्र मी वर बघतो. त्याचं घर आत्ता शंभर फूट वर गेलेलं असेल, आणि या वेळी तो आत बसलेला असेल.