वीतभर वरून

जगातल्या यच्चयावत दुःखांचं मूळ बाटलीत आहे, असं मानणारी माणसं मी पुष्कळ पाहिली. पण ती बाटली दारूची नसून लहान मुलांच्या दुधाची आहे, असं मानणारा माणूस आयुष्यात एकच पाहिला. ते म्हणजे कुंभकोणमचे आमचे घरमालक. पोस्टमनने आमचं पत्र शेजारी टाकलं, की ते ओट्यावरून निदान करीत, "बाटलीवर वाढला असेल." बस उशिरा आली, ड्रायव्हर बाटलीवर वाढलेला. एकदा आमचे हे बँकेत जाताना छत्री विसरले, तर त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे अपार करुणेने पाहत त्यांनी मला हळूच विचारलं, "बाई, तुमचे यजमानांस लहानपणीं बाटली होती काय?" माझ्या सासूबाईंनी जन्मात एकच बाटली हाताळली असेल, ती एरंडेलाची. पण हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. कोर्टात शिरस्तेदार म्हणून उभी हयात काढलेला माणूस. निकाल आधी लागायचा, पुरावा मागाहून यायचा.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. ह्यांची बदली सांगलीहून एकदम कुंभकोणमला झाली, तेव्हा तिकडे आपल्याशी बोलायला माणूस मिळणार नाही म्हणून मी मिरजेच्या स्टेशनापासून डोळे पुसत गेले होते. पाहते तो घरमालकच मराठी! तंजावरच्या मराठी राजांच्या काळात ह्यांचे पूर्वज तिकडे गेले, आणि जाताना नेलेली मराठी ह्या मंडळींनी लोणच्यासारखी मुरवून ठेवलेली. बोलण्याला चाल सगळी तमिळ, शब्द मात्र बखरीतले. पहिल्याच दिवशी त्यांनी हात जोडून आमचं स्वागत केलं, "यावें, बसावें. घर आपलेंच अहे. मात्र नळास पाणी येत नाहीं." मला एखाद्या दरबारात आल्यासारखं वाटलं आणि पाण्याचं दुःख निम्मं हलकं झालं. त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली मामी म्हणे, म्हणून मीही मामीच म्हणू लागले. मामी फारशा बोलत नसत. घरात बोलण्याचं खातं एकाकडेच होतं.

बाटलीचा द्वेष ही मात्र त्यांची दुय्यम निष्ठा. पहिली निष्ठा होती ती भांड्याला ओठ न लावण्याची. तिकडे भांड्याला तोंड लावून पिणं म्हणजे भांडं उष्टं करणं, हे सगळेच पाळत. पाणी असो, ताक असो, कॉफी असो, वरून धार सोडायची आणि गिळायचं. पण इतरांचा जो रिवाज होता तो आमच्या घरमालकांनी कलेला नेला होता. सकाळी मामी पितळी पेला आणि त्याखालची पसरट वाटी घेऊन येत. त्या वाटीला तिकडे डवरा म्हणतात. घरमालक उभे राहून कॉफी पेल्यातून डवऱ्यात, डवऱ्यातून पेल्यात हातभर उंचीवरून ओतत, फेस वर आला की ओट्यावर बसत, मान मागे टाकत आणि वीतभर वरून अशी धार सोडत की घशाचा आवाज नाही, मिशीवर थेंब नाही. तेवढ्यात डाव्या हाताने ते कावळा हाकलत, दूधवाल्याला थांबण्याची खूण करत आणि विड्याची पानं विकणाऱ्या बाईशी भुवयांनी घासाघीसही करत. त्या ओठांना उभ्या जन्मात पेला लागलेला नाही, अशी त्यांची गल्लीत ख्याती होती. "तोंड लावून पितो" ही त्यांच्याजवळची शेवटची शिवी. ती त्यांनी उच्चारली की त्या माणसाविषयी आणखी काही बोलण्यासारखं उरत नसे. आम्ही दोघं सांगलीची, कपाला ओठ लावून फुर्रकन चहा पिणारी. सकाळी खिडकी लोटून घेऊन, चोरी केल्यासारखा आम्ही चहा पीत असू. त्यांना ते ठाऊक होतं. त्या वेळी अंगणात यायचं झालंच तर ते लांबूनच मोठ्याने खाकरत, म्हणजे आम्हाला कप खाली ठेवायला सवड मिळे.

अशा माणसाच्या घरात मी काखेत मुलगी आणि मुलीच्या तोंडात बाटली घेऊन राहायला गेले होते. कुमू झाली आणि मला विषमज्वर झाला. तेव्हापासून तिला डब्यातल्या पावडरीचं दूध बाटलीने लागलं, ते दोन वर्षांची होत आली तरी सुटेना. घरमालकांनी बाटलीला पाहिलं त्याच क्षणी तिचं नाव अवदसा ठेवलं. कुमूवर मात्र त्यांचा विलक्षण जीव बसला. ती त्यांना ताता म्हणे. तिकडे आजोबांना तसंच म्हणतात. ती त्यांच्या मांडीवर येऊन बसली की ते उपरण्याचं टोक बाटलीवर टाकत आणि मग निवांत तिच्याशी गप्पा मारत. "कण्णा," ते लाडाने म्हणत, "तुझा शत्रू झांकिला अहे. आतां बोल."

पुढेपुढे हे हसण्यावारी नेण्यासारखं राहिलं नाही. कुमूचं पोट पुन्हापुन्हा बिघडायला लागलं. डॉक्टरांनी बाटली हातात घेतली, रबराचा वास घेतला आणि सांगितलं, हे कितीही उकळलं तरी स्वच्छ राहत नाही, आता बाटली बंद करा, गाईचं दूध पेल्याने पाजा. सांगणं सोपं होतं. कुमू पेला पाहिला की दात आवळून घेई, मान फिरवी, आणि फारच आग्रह केला तर भोकाड पसरी. चमचा तर ती फेकूनच देई. तिच्या हातातल्या बांगड्या ढिल्या झाल्या होत्या. आंघोळ घालताना तिच्या बरगड्या माझ्या बोटांना लागत. परक्या मुलखात, आई-सासू जवळ नाही, आणि माझी मुलगी डोळ्यांदेखत वाळत चाललेली.

घरमालकांनी हा खटला आपणहून अंगावर घेतला. प्रथम ते बसने नाचियारकोविलला गेले. तिथे पितळी समया ओतणारे कारागीर राहतात. पुरुषभर उंचीच्या समया करणाऱ्या एका कारागिरापुढे बसून त्यांनी अंगठ्याएवढा म्हणावा असा पेला करवून घेतला, आतून कल्हई, आणि कड बाहेर वळवलेली. "कड वळली म्हणजे धार सरळ पडते," ते मला म्हणाले. त्या वाक्यात पुढचा सगळा अनर्थ भरलेला होता, पण माझं लक्ष पेल्याच्या लकाकीकडे होतं. मग त्यांनी दूधवाल्याला गाय दारात आणून डोळ्यांसमोर पिळायला लावली. कुमूला गाईसमोर उभी करून दोघींची रीतसर ओळख करून दिली, आणि गाईने मान हलवली तेव्हा "तिची संमती अहे" असं जाहीर केलं. शेवटी ते तिरुवलंचुळीच्या पांढऱ्या विनायकाला नवस बोलून आले. हा गणपती समुद्राच्या फेसाचा, त्यामुळे त्याच्यावर पाण्याचा किंवा दुधाचा अभिषेक करत नाहीत. मी म्हटलं, "अहो, ज्या देवाला दूधच चालत नाही, त्याला दुधाचा नवस कशाला?" ते म्हणाले, "बाई, ज्यास स्वतःस दूध नको तोच दुसऱ्याचे दुधाची गोष्ट चित्त देऊन ऐकतो. बाकीचे देव आपला वांटा मोजीत बसतांत."

इतकी तयारी झाल्यावर एका सकाळी बाटली मामींच्या माळ्यावर गेली आणि धडा सुरू झाला. घरमालक ओट्यावर मांडी घालून बसले, समोर कुमूला बसवलं. दोघांच्या हातात एकेक पेला, दोन्हींत कोमट गाईचं दूध. "पहा कण्णा, ताता कसा पितो," म्हणून त्यांनी मान मागे टाकली आणि वीतभर वरून ती प्रसिद्ध धार सोडली. कुमू भान हरपून पाहत राहिली. पेल्याला कधी हात न लावणारी माझी मुलगी, तिने दोन्ही हातांनी पेला उचलला, थेट डोक्याच्या वर नेला, मान मागे टाकली आणि सगळं दूध स्वतःच्या नाकाडोळ्यांत ओतून घेतलं. आधी तिला ठसका लागला, मग श्वास अडकला, चेहरा लाल झाला, आणि मग जो टाहो फुटला तो नदीपलीकडे ऐकू गेला असेल. त्यानंतर पितळेची लकाकी दिसली तरी ती किंचाळू लागली. दुपारी दूध नाही, संध्याकाळी नाही. भाताची पेज दोन चमचे गेली आणि तीही उलटली. रात्री रडूनरडून झोपली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यात रडण्याचंही त्राण उरलं नव्हतं.

ह्यांनी शब्द काढला, "बाटली आणू का खाली?" मी हो म्हणणार होते. बाहेर घरमालक ओट्यावर बसले होते आणि त्यांच्यापुढे कालची कॉफी तशीच होती. मामी म्हणाल्या, त्यांनीही कालपासून काही घेतलं नाही. "लेकरूं उपाशीं असतां मज कापी कशी उतरेल?" ते म्हणाले. एरवी मला गहिवरून आलं असतं, पण त्या वेळी माझा तोल सुटला. मी म्हटलं, "तुमची धार तुमच्यापाशी ठेवा! एवढीशी पोर, तिला ओठ लावल्याशिवाय जमेल कसं? ह्या घरात तोंड लावून पिणारं कुणी तिला दिसतं तरी का? आम्हीसुद्धा चोरून पितो!" गल्लीत त्यांच्याशी त्या आवाजात कुणी बोललं नसेल. ते उठले आणि आत गेले.

थोड्या वेळाने बाहेर आले ते तो चिमुकला पेला घेऊन. त्यात दूध होतं. ह्या खेपेस ते ओट्यावर न बसता आमच्या खोलीत, कुमूच्या चटईपाशी जमिनीवर बसले. मामी दारात उभ्या होत्या. घरमालकांनी थंड पाण्यात उतरणारा माणूस मिटतो तसे डोळे मिटले, आणि पेला ओठांना लावला.

मामींच्या तोंडून "अय्यो!" एवढंच आलं. घरमालकांना ओठ लावून पिता येत नव्हतं, ते तेव्हा कळलं. निम्मं दूध मिशीवर आलं, थोडं हनुवटीवरून छातीवर ओघळलं, आणि जन्मात पहिल्यांदा त्यांच्या पिण्याचा आवाज झाला. असा आवाज, की आमचा सांगलीचा चहा लाजला असता. कुमूने डोळे उघडले. पांढऱ्या मिशीवरची ती आणखी पांढरी मिशी पाहून ती आधी टकमक बघत राहिली आणि मग खुदकन हसली. हात पुढे करून तिने तो पेला, त्यांचा उष्टा पेला, ओढून घेतला आणि तोंडाला लावला. एक घोट गेला. मग पेला त्यांच्यापुढे धरून म्हणाली, "ताता." त्यांनी पुन्हा ओठ लावले. मग तिने. असं करत पेला रिकामा झाला, मामींनी न सांगता तो परत भरून आणला, तोही रिकामा झाला. मी भिंतीला टेकून मुकाट्याने रडत होते. घरमालक उठले, तोंड न पुसता तडक विहिरीवर गेले आणि डोक्यावरून घागर ओतून घेतली.

पुढे हा परिपाठच पडला. सकाळ-संध्याकाळ कुमूला पहिला घोट ताताने घेऊन दाखवावा लागे, आणि प्रत्येक घोटापाठोपाठ त्यांचं स्नान. मामी काळजीने म्हणत, "थंडींत इतुकें नाहणें बरें नव्हे." तर ते म्हणत, "लहान लेकराचें उष्टें बाधत नाहीं, ऐसें शास्त्रांत असेलच कोठेंतरी. शोधतों अहें. सांपडेतों स्नान." दुपारी पोथ्या पुढे घेऊन बसलेले दिसत. ते शास्त्र काही सापडत नव्हतं, पण कुमूच्या बांगड्या पुन्हा मनगटात रुतू लागल्या होत्या. हळूहळू ती आपल्याआपण प्यायला शिकली. गल्लीतल्या दोघीतिघी आपली मुलं घेऊन आल्या, तेव्हा घरमालकांनी त्यांनाही तोंड लावून पाजण्याचा सल्ला दिला. फक्त देताना इकडेतिकडे पाहून, आवाज उतरवून दिला. पुढे आमची बदली झाली. निघताना मी तो पेला मागितला, तर ते म्हणाले, "तो येथेंच असों द्या. पोर परत यावयास कांहीं कारण हवें."

परत जायला सहा-सात वर्षं गेली. कुमू तोवर दोन वेण्यांची, बडबडी शाळकरी मुलगी झाली होती, आणि ताताची गोष्ट तिला आमच्याकडून ऐकून पाठ होती. आम्ही ओट्यावर चढलो. घरमालकांनी आम्हाला ओळखलं, हसले, पण उठले नाहीत. उजवा हात मांडीवर ठेवलेला होता आणि तो थरथरत होता. मामींनी मला आत नेऊन हलक्या आवाजात सांगितलं. अंगावरून वारं गेलं होतं त्याला वर्ष झालं. धार आता तोंडात पडत नाही, छातीवर पडते. म्हणून त्यांनी कॉफी सोडली. पाणीसुद्धा कुणासमोर घेत नाहीत. आणि ओठ लावा म्हणावं, एवढी छाती मामींना होत नव्हती. कुंभकोणमचा माणूस आणि कॉफी सोडली! बाहेर जाऊन पुन्हा त्यांच्या हाताकडे पाहण्याचा मला धीर होईना.

मामींनी कुमूसाठी मुद्दाम तोच पेला काढला आणि त्यात जास्त दूध घालून कॉफी दिली. मी बाहेर आले तेव्हा कुमू त्यांच्यासमोर मांडी घालून बसली होती. तिने एक घोट घेतला, सांगलीकरांसारखा चांगला आवाज करून. मग पेला दोन्ही हातांनी त्यांच्या ओठांपाशी नेला आणि म्हणाली, "ताता, आता तुम्ही."

ते तिच्याकडे पाहत राहिले. मामी दारात खिळल्या होत्या. मग त्यांनी डोळे मिटले आणि ओठ लावले. मिशीला फेस लागला, कुमू हसली, तसे तेही हसले. मामी लगबगीने दुसरा पेला आणायला वळल्या.

"राहूं दे," ते म्हणाले. "हाच पुरे."

मी गमतीने विचारलं, "शास्त्र सापडलं का?" तर मान हलवून म्हणाले, "नाहीं. आतां शोधीत नाहीं." त्यानंतर आमची भेट झाली नाही. पण त्या संध्याकाळी दिवेलागण होईपर्यंत ती दोघं एका पेल्यातून कॉफी पीत ओट्यावर बसली होती, आणि घरमालक स्नानाला उठले नाहीत.