स्वेच्छेने माघार

पेढ्यांचा खोका साहेबांनी माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच वाटा. तुमच्या हातून वाटले की छान दिसेल."

मी वाटले. अनिकेत टीम लीडर झाला होता. बारा टेबलं, बारा माणसं. अनिकेतच्या हातावर पेढा ठेवून मी अभिनंदन म्हटलं. टाळ्या वाजल्या. साहेबांनी मोबाईलवर फोटो काढला. मला म्हणाले, खोका थोडा वर धरा आणि हसा की जरा.

मी हसले.

कोपऱ्यातल्या टेबलावर वंदनाबाई बसतात. ऑफिसचं कागदकाम त्यांच्याकडे. त्यांनी पेढा घेतला नाही. हळूच म्हणाल्या, "तू काऊन नाई आली काल इंटरव्ह्यूले?"

"कोणत्या?"

"टीम लीडरच्या. नागपूरचे मोठे साहेब आले होते ना. तुह्या नावाची फाईल मीच नेऊन ठेवली. आपले साहेब म्हणले, तिले इंटरेस्ट नाई."

खोक्यात चार पेढे उरले होते. तेही मी वाटून टाकले. मला आजही सगळ्यात जास्त हेच सलतं. कळल्यावरही मी चार पेढे वाटले.

आमची कंपनी लोकांचे पैसे गुंतवते. म्युच्युअल फंड, एसआयपी, निवृत्तीनंतरच्या योजना. चंद्रपूरच्या शाखेत मला सात वर्षं झाली. मी मूळची माजरीची. बाबा तिथल्या कोळसा खाणीत होते. आम्ही बौद्ध. माझं आडनाव कळलं की समोरचा "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. हे दोनदा "अच्छा" म्हणणं मला आता दुरून ओळखू येतं. साहेबांनी माझ्या मुलाखतीतच ते म्हटलं होतं.

पहिल्याच महिन्यात त्यांनी मला कामाचा भाग नेमून दिला. माजरीच्या कॉलन्या, जिवतीचे डोंगर, खाली एटापल्लीपर्यंत जे काय येईल ते. "तुमच्या लोकांना तुमचीच भाषा समजते," म्हणाले. मी ती तारीफ समजले. चंद्रपूरचे डॉक्टर, ठेकेदार, सराफ हे सगळे दुसऱ्यांकडे. अनिकेत दोन वर्षांनी आला. साहेबांच्या मिसेसच्या माहेरचा. त्याला डॉक्टर मिळाले आणि ऑफिसची गाडी मिळाली. मला एसटी होती, आणि माझी स्कूटी. जिवतीच्या घाटात ती पहिल्या गिअरच्या ट्रकमागे रडत रडत चढायची. गिऱ्हाईक मात्र येत गेलं. खाणीतून निवृत्त झालेली माणसं मला बापाच्या नावाने ओळखायची आणि ओट्यावर बसवून सगळं नीट विचारायची. त्यातलं कोणी मोठं निघालं, की साहेब म्हणायचे, "हे अनिकेतकडे द्या. त्याला मोठी माणसं सांभाळता येतात."

मी दिली. भांडले नाही. मला वाटायचं, काम दिसतंच.

अनिकेतला काम मी शिकवलं. हे त्याच्यावर उपकार म्हणून सांगत नाही, तसं झालं म्हणून सांगते. त्याला माजरीला घेऊन गेले तेव्हा आमच्या घरी थांबलो होतो. मे महिना. आईनं तांब्याभर पाणी आणि गूळ पुढे केला. तो म्हणाला, "नको काकू, मी बाहेरचं पाणी पीत नाही, पोट बिघडतं." आई म्हणाली, "बरं बाप्पा." अर्ध्या तासानं भद्रावतीच्या स्टँडवर तो उसाचा रस प्याला. दोन ग्लास, बर्फ टाकून. मी शेजारी उभी राहून पाहत होते. आणि मनातल्या मनात त्याच्या बाजूनं वकिली करत होते, तहान लागली असेल बिचाऱ्याला. सात वर्षं मी अशी फुकटची वकिली करत आले.

टीम लीडरच्या जागेसाठी आम्ही दोघंच पात्र होतो. मुलाखत पुढच्या महिन्यात आहे, असं साहेबांनी सांगितलं होतं. मग सोमवारी केबिनच्या दारात उभं करून म्हणाले, "एटापल्लीच्या पुढे एक आश्रमशाळा आहे. बुधवारी शिक्षकांची सभा ठेवली आहे. तुमच्याशिवाय कोणाला जमणार नाही."

मंगळवारी निघाले. आष्टी, आल्लापल्ली. रात्री लॉजवर मुक्काम. सकाळी एटापल्ली, तिथून जीप. शेवटच्या वळणानंतर मोबाईलची रेंज गेली. शाळेत पोचले तर मुख्याध्यापक गडबडून उभे राहिले. "मॅडम, आज इथी कायची सभा? एक मॅडम सोडून सगळे मास्तर ट्रेनिंगले गेले. मी तर तुमच्या सायबाले आठ दिवसाआधीच फोनवर सांगतलं."

त्यांच्यासमोर माझीच मला लाज वाटली. म्हटलं, काही गैरसमज झाला असेल. व्हरांड्यात एक तरुण गोंड शिक्षिका वह्या तपासत होती. तिनं मला डब्यातली भाकर आणि आंबाडीची भाजी दिली. खाता खाता म्हणाली, "सरकारात माणसाले शिक्षा द्याची असली का इकडं धाडतेत. तुम्ही काऊन आल्या?"

"मी मर्जीनं आली."

ती हसली. "माह्यी गोष्ट अलग आहे. हे माहं गावच होय. मले शिक्षा कायची?"

तेव्हा अकरा वाजले असतील. त्याच वेळी चंद्रपूरला केबिनमध्ये अनिकेत सांगत होता, की तो टीम कशी घडवणार.

दुसऱ्या दिवशी पेढे.

त्यानंतर चार दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. सात वर्षांत त्या खुर्चीवर मी पहिल्यांदा बसले. शिपाई चहा घेऊन आला, बिस्किटांसकट. चहा बघूनच मी सावध झाले. साहेबांनी एक टाइप केलेला कागद माझ्याकडे सरकवला. त्यावर लिहिलं होतं, मी वैयक्तिक कारणास्तव टीम लीडर पदाच्या मुलाखतीतून स्वेच्छेने माघार घेत आहे. खाली माझं पूर्ण नाव. तारीख मुलाखतीच्या आदल्या दिवसाची.

"मुंबईच्या हेड ऑफिसातून विचारणा झाली आहे," ते म्हणाले. "दोन उमेदवार आणि मुलाखत एकाचीच, असं फाईलवर बरं दिसत नाही. फॉर्मॅलिटी आहे. पुढच्या वेळी तुमचंच, माझा शब्द."

मी म्हटलं, "मुलाखत आहे हे मला माहीतच नव्हतं."

"तुम्ही फील्डवर होता."

"तुम्हीच पाठवलं होतं. सभा रद्द झाली हे तुम्हाला आठ दिवस आधीच माहीत होतं."

त्यांनी चष्मा काढला. आवाज अगदी मऊ केला. "हे बघा, तुम्हा लोकांना सगळीकडे सवलतीची सवय आहे. इथे आरक्षण नाही. इथे फक्त मेरिट."

माझ्या अंगात वीज वगैरे काही संचारली नाही. मला फक्त थकवा आला. सात वर्षांचा एकदम. एसटीचा, घाटाचा, हसून धरलेल्या खोक्याचा. आईनं "बरं बाप्पा" म्हटलं होतं, त्याचाही. आणि त्या थकव्यात तोंडातून घरची बोली निघाली.

"मेरिट पाह्याचं होतं तर मुलाखत तर घ्याची होती ना साहेब. मी यावर सही नाई करत."

त्यांनी चष्मा पुन्हा लावला. मग म्हणाले, "वडिलांची तब्येत कशी आहे?"

बाबांच्या फुफ्फुसात खाणीतली धूळ बसली आहे. त्यांचे उपचार कंपनीच्या आरोग्य विम्यातून चालतात. माझ्या नोकरीवर. साहेबांना ते ठाऊक आहे, कारण त्या अर्जावर शिफारस त्यांची होती. त्यांनी तब्येतच विचारली, दुसरं काही नाही. मला कळलं. त्यांनाही कळलं की मला कळलं.

मी चहा तसाच ठेवून उठले. कागद बरोबर घेतला.

त्या रविवारी माजरीला जाऊन बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, पाठीवर हात ठेवतील. ते खोकत खोकत उठून बसले आणि रागावले. "करून टाकाची होती सही. मी उभ्या जन्मात सायबानं बोट ठेवलं तिथी सही केली. म्हणून तू शिकली. माह्या खोकल्याचं काय करशीन आता?"

मला रडू आलं. बापाचा रागही आला. त्यांचं खोटं नव्हतं. त्यांनी मान खाली घातली, म्हणून मी कॉलेजात गेले. पण मीही तेच केलं तर माझ्या मागून येणाऱ्या पोरींना पुन्हा तीच जीप, तीच रिकामी शाळा. मी त्यांना म्हटलं, "बाबा, तुमचं औषध बंद नाई पडू देत. पण सही नाई."

ते भिंतीकडे तोंड करून झोपले. अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

सोमवारी मी त्या कागदाखाली माझ्या अक्षरात लिहिलं. कोणत्या दिवशी कुठे होते, कोणी पाठवलं, सभा रद्द झाल्याचं साहेबांना कधी कळवलं होतं. मी मागितल्यावर मुख्याध्यापकांनी तसं लिहून पाठवलं होतं, तेही जोडलं. मुंबईला पाठवलं. वंदनाबाईंनी जावक क्रमांक टाकून शिक्का मारला. मारण्याआधी त्यांनी एकदा केबिनच्या दाराकडे पाहिलं, पण मारला.

उत्तर आलेलं नाही. माझं टेबल आता झेरॉक्स मशीनला लागून आहे. माझी गिऱ्हाइकं एकेक करून अनिकेतच्या यादीत जात आहेत. सकाळी मी दारातून आत आले की बोलणी थांबतात. बाबांच्या विम्याचं नूतनीकरण तीन महिन्यांवर आहे. मला रात्री झोप लागत नाही, आणि हे मी लपवत नाही.

साहेब वाट बघत आहेत, मी कंटाळून राजीनामा देईन. कंटाळा तर आलाच आहे. राजीनामा देणार नाही. रोज पावणेदहाला येऊन मी त्या मशीनजवळ बसते. मला काढायचं असेल तर काढा. कारण लिहा, खाली तुमची सही करा आणि माझ्या हातात द्या. मी माघार घेतली, हे माझ्या हातून लिहून मिळणार नाही.